तीनदा विसळलेली बाटली

त्यांचं खरं आडनाव काय, हे ऑफिसात फक्त पगारपत्रक करणाऱ्या कारकुनाला ठाऊक होतं, आणि त्यालाही ते दरवेळी यादीत बघावं लागे. बाकी सगळ्यांसाठी ते विसळेकाका. नदीच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायचे आणि सरकारी प्रयोगशाळेत पोचवायचे, एवढंच त्यांचं काम. ते त्यांनी एकतीस वर्षं इतक्या निगुतीने केलं की आडनाव मागे पडलं आणि काम तेवढं उरलं.

नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या मदतनिसाने त्यांना पुलाखाली नेलं आणि सांगितलं, की बाटली आधी नदीच्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि मग भरायची; नाहीतर तो नमुना नदीचा नाही, बाटलीचा. म्हातारा पुढच्याच वर्षी निवृत्त झाला, पण त्याचं हे सांगणं काकांनी जे मनावर घेतलं ते कायमचं. घरी चहाचा कप तीनदा विसळायचा. पाण्याचा पेला तीनदा. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा सासूने पुढे केलेला पेला त्यांनी उठून मोरीवर नेला, तीनदा विसळला आणि मग पाणी प्याले. सासू त्यानंतर आठ महिने जावयाशी धड बोलली नाही. बायको अजूनही आल्यागेल्याला सांगायची, "मलासुद्धा तीनदा विसळूनच घेतलं असतं यांनी. मी बाटलीत मावले नाही म्हणून वाचले."

पण माणूस कामाला चोख. या खात्यात नमुने घेणारे असेही होते, की जे पहिल्याच पुलाखाली पाचही बाटल्या भरायचे, पाचांवर पाच ठिकाणांची नावं लिहायचे आणि उरलेली सकाळ टपरीवर काढायचे. काका दर बुधवारी पाचही ठिकाणी जायचे. जुन्या पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी गमबूट घालून गुडघाभर पाण्यात उतरायचे, प्रवाहाकडे तोंड करायचे आणि कोपरापर्यंत हात बुडवून बाटली भरायचे. बर्फाच्या पेटीत ती ठेवायची, चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, वेळ लिहायची, आणि खाली 'नमुना घेणाऱ्याचं नाव' अशी ओळ असे, तिथे ते 'विसळे' लिहायचे. सगळेच तसं म्हणतात तर आपणही म्हणावं, असा त्यांचा साधा हिशेब. मुलाचं लग्न नेमकं बुधवारी आलं, तर सकाळी नमुने पोचवूनच हे मंगल कार्यालयात हजर झाले. लग्नाच्या फोटोत व्याही त्यांच्यापासून हातभर लांब उभे आहेत, ते त्या दिवशीच्या वासामुळे.

वास तर होताच. नदी म्हणावी असं त्या पाण्यात काही उरलं नव्हतं. शहराने आपलं सगळं तिच्यात सोडलं होतं आणि वर नाकाला रुमाल लावून तिच्यावरून पूल बांधले होते. सरकारने तिला स्वच्छ करायचं आजवर तीनदा मनावर घेतलं. पहिल्या वेळी शेवाळ आणि कचरा ओढायचं एक यंत्र आणलं, ते काठावर उतरवलं आणि ते तिथेच गंजून मातीला मिळालं. दुसऱ्या वेळी काठावर बाकं आली, दिवे आले, भिंतींवर रंगीत मासे आले. खरे मासे काही आले नाहीत. तिसऱ्या वेळी मात्र काहीतरी खरंच झालं. पुलाच्या वरच्या अंगाला सांडपाणी शुद्ध करायचं भलंमोठं केंद्र उभं राहिलं, आणि नदीत सोडायच्या आधी त्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालायला लागले. पाण्याचा काळा रंग गेला. वास बदलला. तिसऱ्या खांबापाशी तर पोहण्याच्या तलावावर येतो तसा वास यायचा. काकांना तो वास इतका आवडायचा की ते काम झाल्यावरही दोन मिनिटं तिथे उभे राहायचे.

त्याच वेळी प्रयोगशाळेत जंतूंची तपासणी सुरू झाली. तोवर नुसता रंग, गढूळपणा, विरघळलेला प्राणवायू असलं मोजायचे. आता जंतूंसाठी नव्या बाटल्या आल्या, वाफेत उकळून निर्जंतुक केलेल्या, झाकणाला कागद बांधलेल्या. त्या कशा वापरायच्या याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण थंड हवेच्या ठिकाणी एका हॉटेलात ठेवलं होतं. आता हॉटेल म्हटल्यावर तिथे नमुने घेणारा माणूस कशाला पाठवतील? साहेब स्वतः गेले. येताना एक पिशवी, एक पेन आणि एक माहितीपुस्तिका घेऊन आले. पेन त्यांनी खिशाला लावलं, पिशवी घरी दिली आणि पुस्तिका कपाटात ठेवली.

काकांनी पहिली नवी बाटली उघडली तेव्हा तिच्या तळाला चिमूटभर पांढरी पूड दिसली. त्यांनी कपाळाला हात लावला. प्रयोगशाळेतल्या पोरांना साधी बाटली धुता येत नाही. साबणाची भुकटी तशीच ठेवतात. तक्रार केली असती तर कुणाचीतरी नोकरी गेली असती, म्हणून त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. नदीच्या पाण्याने बाटली तीनदा विसळली, पूड गेली याची उजेडात धरून खात्री केली आणि मग भरली. पुढच्या बुधवारीही तेच. चार वर्षं दर बुधवारी त्यांनी इतरांचा गलथानपणा असा मुकाट्याने धुऊन काढला आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

जंतूंचे आकडे मात्र उतरले. केंद्र सुरू व्हायच्या आधी एका बाहेरच्या संस्थेने मोजले होते तेव्हा शंभर मिलिलिटरमध्ये दीड लाखाच्या वर होते. काकांच्या बाटल्यांत ते कधी ऐंशी निघायचे, कधी पन्नास. पोहायला पाचशेपर्यंत चालतात. वर्तमानपत्रांनी छापलं, इतर शहरांतून माणसं बघायला आली, आणि शेवटी नदीकाठी पोहण्यासाठी रुंद पायऱ्या बांधल्या. तिथे एक उंच विजेचा बोर्ड लावला. त्यावर हिरव्या अक्षरांत 'पोहण्यास योग्य' आणि खाली ताजा आकडा. तो आकडा काकांच्या बाटलीतला. गल्लीतले लोक त्यांना चिडवायचे, की नदी काय सरकारने नाही, तुम्हीच विसळून काढली. काका वरवर रागवायचे, पण घरी येईपर्यंत मिशीतल्या मिशीत हसत असायचे.

येत्या रविवारी त्या पायऱ्यांचं उद्घाटन होतं. मंत्री येणार होते, आणि त्यांच्यासमोर शाळेच्या पोहण्याच्या संघातल्या मुली नदीत उड्या मारणार होत्या. काकांची नात नऊ वर्षांची. पाण्याबाहेर पाच मिनिटं टिकायची नाही म्हणून काका तिला बेडकी म्हणायचे. संघात ती सगळ्यात लहान, त्यामुळे तिला घेतील की नाही याची शंका होती. एकतीस वर्षांत काकांनी साहेबांकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. या वेळी ते केबिनमध्ये गेले, दाराशी उभं राहून घसा खाकरला आणि नातीसाठी शब्द टाकला. साहेबांनी लगेच फोन लावला. मुली अठरा होत्या, त्या एकोणीस झाल्या. महिनाअखेरीला काका निवृत्त होणार होते. त्यांना यापेक्षा मोठा निरोप समारंभ नको होता.

उद्घाटनाच्या आधीच्या बुधवारी प्रयोगशाळेतल्या नव्या मॅडम त्यांच्याबरोबर पुलाखाली आल्या. दोनच महिन्यांपूर्वी लागलेली पंचविशीतली मुलगी, पण ऑफिसच्या रीतीप्रमाणे मॅडम. काका गेल्यावर नमुने घ्यायला नवा माणूस येणार, त्याला शिकवता यावं म्हणून काकांची पद्धत बघून ठेवते म्हणाल्या. काकांना आनंद झाला. एवढ्या वर्षांत त्यांची पद्धत बघायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी गमबुटाची दुसरी जोडी आणली होती, तीसुद्धा धुऊन.

तिसऱ्या खांबापाशी उतरून त्यांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. उभं कुठे राहायचं, खालचा गाळ ढवळू कसा द्यायचा नाही. मग जंतूंची बाटली घेतली, झाकण काढलं, पाणी घेतलं, गोल फिरवलं, मागच्या बाजूला फेकलं. एकदा, दोनदा, तीनदा. बाटली उजेडात धरली आणि आता मॅडमनाही जरा टोचून सांगावं म्हणून म्हणाले, "तुमची पोरं बाटल्या नीट धूत नाहीत बरं का. साबण राहतो तळाला. मी आपला काढून टाकतो, बोलत नाही."

काकांना वाटलं, मॅडम ओशाळतील. वळून पाहिलं तर त्या मागे फेकलेल्या पाण्याकडे बघत होत्या.

"काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तो साबण नाही."

"मग?"

"मी भरते ती पूड. मोजून. प्रत्येक बाटलीत." त्यांनी रिकाम्या बाटलीकडे बोट केलं. "दर वेळी असंच करता तुम्ही?"

"दर वेळी," काका म्हणाले. "एकदासुद्धा चुकलो नाही."

मग पाण्यात उभ्या राहूनच मॅडमनी ते समजावलं, आणि काकांना पहिल्याच खेपेला समजलं. एकतीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला पाण्याबद्दलची गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही. केंद्रातून येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतं. ते पाणी बाटलीत भरलं की आतल्या जंतूंना क्लोरीन मारत राहतं. बाटली पेटीत घालून काका पुढची चार ठिकाणं करून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तीन तास जातात. तेवढ्या वेळात बाटलीतले जंतू मरून जातात; नदीत मात्र वरून सतत नवं पाणी येत राहतं, म्हणून तिथले तसेच राहतात. ती पूड क्लोरीनचं काम भरल्या क्षणी थांबवते, म्हणजे नदीत जे आहे तेच प्रयोगशाळेत दिसतं. पूड धुऊन टाकली तर प्रयोगशाळेत नदी दिसत नाही. धुतलेली बाटली दिसते.

काकांनी बाटली दोन्ही हातांनी धरली. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की मॅडम नव्या आहेत, काहीतरी चुकत असतील. मग तो पोहण्याच्या तलावाचा वास आला, आणि मॅडम चुकत नाहीत हे त्यांना कळलं.

तरी ते घाबरून पळत सुटणारे नव्हते. त्यांनी तिथेच दोन बाटल्या भरल्या, एकाच ठिकाणी, एकाच मिनिटाला. एक तीनदा विसळून, एक पुडीसकट. दुसरी भरताना हात आपोआप विसळायला निघाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवलं. दोन्ही बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या. मॅडमनी साहेबांच्या कपाटातून ती माहितीपुस्तिका शोधून काढली. तिच्यावरचं प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा फाडलेलं नव्हतं. चौथ्या पानावर जाड अक्षरांत, चौकट करून छापलं होतं: बाटली कोणत्याही परिस्थितीत विसळू नये. काकांनी ते वाचलं आणि खुर्ची ओढून बसत पुन्हा एकदा वाचलं.

जंतू मोजायचे तर नमुना प्लेटवर घालून एक दिवस उबेत ठेवावा लागतो. म्हणजे उत्तर गुरुवारी दुपारी. मॅडम म्हणाल्या, आत्ताच साहेबांना सांगू या का. काकांनी मान हलवली. आकडा हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, हा दुसरा नियम त्यांनी तितक्याच वर्षांपासून पाळला होता. उद्घाटन रविवारी. अजून चार दिवस. घाई कशाची आहे, असं ते मॅडमना म्हणाले, आणि हे शब्द पुढे त्यांना आयुष्यभर पुरणार होते.

त्या संध्याकाळी ते घरी आले आणि डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडले. थोड्या वेळाने नात आली. तिचे केस ओले होते, पण तिचे केस रोजच ओले असायचे. शाळेनंतर तलावावर सराव असतो, हे घरात सगळ्यांना माहीत. ती पलंगाच्या कडेवर बसून पाय हलवायला लागली आणि म्हणाली, "आजोबा, एक गंमत सांगू? तुम्हाला आवडेल अशी आहे."

काकांना तिच्याकडे बघवेना. या पोरीला आपण शब्द टाकून त्या यादीत घातलं, एवढं एकच डोक्यात घण घातल्यासारखं वाजत होतं. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "उद्या सांग, बेडके. आज नको." ती उठून गेली.

गुरुवारी दुपारी मॅडमनी दोन्ही प्लेट टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. विसळलेल्या बाटलीची प्लेट नेहमीसारखीच होती, कुठे कुठे निळे ठिपके, मोजले तर बासष्ट. पुडीच्या बाटलीची प्लेट निळीच होती. त्यात ठिपका असा वेगळा दिसतच नव्हता. मॅडमनी नमुना शंभरपट पातळ करून आणखी एक प्लेट ठेवली होती, तीही भरून गेली होती. हजारपट पातळ केलेल्या प्लेटवर कुठे मोजता आलं, आणि हिशेब लाखाच्या पुढे गेला. केंद्र व्हायच्या आधी जेवढे होते जवळजवळ तेवढेच. मॅडमनी केंद्रातल्या ऑपरेटरला फोन लावला तेव्हा त्याने आढेवेढे न घेता सांगून टाकलं, की केंद्राची ताकद निम्म्याच सांडपाण्याची आहे, बाकीचं तसंच पुढे सोडतात आणि वरून क्लोरीन ओततात. हे सगळ्यांना माहीत आहे, तो म्हणाला, तुमचे आकडे चांगले येत होते म्हणून कुणी विचारलं नाही.

काका प्लेट आणि ती पुस्तिका घेऊनच साहेबांकडे गेले. साहेबांनी आधी हसून पाहिलं, मग दार लावून घेतलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. साहेब तसे वाईट माणूस नव्हते, फक्त रविवारपर्यंत त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. एका नमुन्यावरून नदी ठरत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत ना, असं ते म्हणाले. सोमवारी नव्याने नमुने घेऊ, रीतसर, पाचही ठिकाणचे. रविवारी पोरी दहा मिनिटं पाण्यात उतरतील आणि बाहेर येतील. दहा मिनिटांनी काय होतंय? मग त्यांनी पुस्तिकेकडे पाहिलं, ती उलटी करून ठेवली आणि आवाज उतरवून म्हणाले, की चार वर्षांच्या अहवालांवर सही माझी आहे, पण प्रत्येक बाटलीवर नाव तुमचं आहे.

काका बाहेर आले. जिना उतरताना त्यांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली, आणि ती काय होती हे सांगायला त्यांना पुढे कधीच संकोच वाटला नाही, कारण लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. त्यांनी ठरवलं, की आपली पोर रविवारी जाणार नाही. तिला ताप आला म्हणून सांगू. बाकीच्या अठरा जणींचं काय, ते उद्या बघू. अर्ध्या जिन्यात त्यांना स्वतःची लाज वाटली, पण ते थांबले नाहीत.

घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. काकांनी विचारलं, बेडकी कधी येईल तलावावरून.

"तलावावर कुठे गेलीय?" बायको दातांत चिमटा धरून म्हणाली. "नदीवर सराव आहे ना त्यांचा. जागेची सवय व्हायला नको का? कालपण तिथेच होत्या. तुम्हाला सांगायला आली होती की काल, गंमत म्हणून. तुम्ही म्हणे ऐकलं नाही."

काल. काल सकाळी अकराला काकांना कळलं होतं. मुली पाण्यात उतरल्या संध्याकाळी चारला. मधले पाच तास ते खात्री करत होते.

चपला घातल्या की नाही हेही त्यांना नंतर आठवेना. स्कूटरवरून पायऱ्यांशी पोचले तेव्हा ऊन पाण्यावर तिरपं पडलं होतं आणि नदी खरंच सुंदर दिसत होती. मुली पाण्यात होत्या. वरच्या पायऱ्यांवर आईबाप मोबाइल धरून उभे होते. नातीने काकांना पाहिलं, दोन्ही हात हलवले, गाल फुगवून तोंडभर पाणी घेतलं आणि कारंजं उडवलं.

काका ओरडले, बाहेर या. कुणी आलं नाही. पोहणं शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, आजोबा नातीला हाक मारताहेत. काका गुडघाभर पाण्यात उतरून पुन्हा ओरडले, तेव्हा बाई जवळ आल्या आणि लहान मुलाची समजूत काढावी तशा म्हणाल्या, "काका, घाबरू नका. बोर्ड बघा ना वरती. हिरवा आहे."

काकांनी बोर्डाकडे पाहिलं. मागच्या आठवड्यातल्या बुधवारचा आकडा होता. एकाहत्तर. त्याच्या शेजारी साहेबांची सही नव्हती, मंत्र्यांचं नाव नव्हतं, काही नव्हतं. नुसता आकडा होता, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून एकोणीस पोरी पाण्यात उतरल्या होत्या.

"तो आकडा माझा आहे," काका म्हणाले. मग वर पायऱ्यांकडे वळून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "तो आकडा माझ्या बाटलीतला आहे आणि तो चुकीचा आहे. चार वर्षं मी बाटली चुकीची भरली. हे गटाराचं पाणी आहे. पोरींना बाहेर काढा."

मग एक बाप चपलांसकट पाण्यात धावला, आणि त्याच्या मागे सगळेच. बाई शिट्टी फुंकत सुटल्या. कुणी पोरीला काखेत धरून ओढत होतं, कुणी नळ कुठाय म्हणून विचारत होतं. एक आई काकांच्या समोर येऊन उभी राहिली. तिने विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं. काका खोटं बोलू शकले असते. त्यांनी सांगितलं, काल सकाळी.

"मग काल का नाही सांगितलंत?"

"खात्री करत होतो," काका म्हणाले. ती बाई वळून आपल्या पोरीकडे गेली. तिने थोबाडीत मारली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

नात टॉवेल गुंडाळून खालच्या पायरीवर बसली होती. एवढा गोंधळ का चाललाय हे तिला कळत नव्हतं. आपलंच काही चुकलं असेल असं तिला वाटत होतं. काका तिच्याशेजारी बसले. त्यांनी तिच्या तोंडावरून, कानांवरून टॉवेल फिरवला आणि जितकं शांतपणे विचारता येईल तितकं विचारलं, की पाणी पोटात गेलं का गं.

"गेलं नाही," ती म्हणाली. "मी प्यायले. काल. तीच तर गंमत सांगायची होती तुम्हाला."

"प्यायलीस?"

"ओंजळभर. सगळ्या घाबरत होत्या पाण्यात उतरायला. ई, नदीचं पाणी, म्हणत होत्या. मग मी सांगितलं, हे पाणी माझ्या आजोबांनी तपासलंय. आणि पिऊन दाखवलं." तिने त्यांच्याकडे पाहिलं, आता तरी शाबासकी मिळेल का म्हणून. "मग त्याही प्यायल्या."

काकांनी पाण्यातून बाहेर काढलेल्या पोरींकडे पाहिलं. "किती जणी?"

"सगळ्या," नात म्हणाली.

काका उठले. शर्टाच्या खिशात नमुन्याच्या चिठ्ठ्यांचं कोरं पुस्तक होतं, ते नेहमीच असे. ते एकेका आईबापाजवळ गेले. आज काही दिसणार नाही, उद्या-परवा जुलाब, उलट्या, ताप सुरू होईल, पण त्याची वाट बघू नका, आत्ताच दवाखान्यात न्या, असं प्रत्येकाला सांगत गेले. डॉक्टर विचारतील, म्हणून प्रत्येकाच्या हातात एकेक चिठ्ठी दिली. ठिकाण. तारीख, कालची. वेळ. पाण्यात जंतू लाखाच्या वर. कुणी चिठ्ठी हिसकावून घेतली, कुणी शिव्या घातल्या, एकाने ती फाडून टाकली, त्याला त्यांनी दुसरी लिहून दिली. शेवटची त्यांनी आपल्या सुनेसाठी लिहिली, कारण ती ऑफिसातून थेट दवाखान्यात येणार होती आणि तिच्यासमोर बोलायची हिंमत त्यांना होणार नव्हती.

प्रत्येक चिठ्ठीच्या तळाला ती ओळ होती, नमुना घेणाऱ्याचं नाव. तिथे त्यांनी विसळे लिहिलं नाही. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, असं पूर्ण नाव लिहिलं, वीस वेळा, कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात.